संगणक बोट दाखवतो तिथे चूक नसते!

महिनाअखेरीची संध्याकाळ. पगाराचा तक्ता तातडीने काढायचा आहे. लेखा विभागातून दर दहा मिनिटांनी फोन येतो आहे आणि संगणकाच्या पडद्यावर एकच वाक्य पुन:पुन्हा उमटते आहे: 'टेबल किंवा व्ह्यू अस्तित्वात नाही.' गंमत अशी, की ते टेबल शेजारच्याच खिडकीत उघडलेले आहे आणि त्यातील नावे व आकडे स्पष्ट दिसत आहेत. जे डोळ्यांना दिसते ते नाहीच, असे यंत्र छातीठोकपणे सांगते. समोर बसलेल्या तरुण अभियंत्याने कोणावर विश्वास ठेवायचा?

डेटाबेसवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला असा प्रसंग कधी ना कधी येतो. बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, विजेचे बिल, शाळेचा निकाल या साऱ्यांच्या मुळाशी टेबले असतात आणि त्या टेबलांना प्रश्न विचारणारी भाषा बहुतेक ठिकाणी एकच असते, ती म्हणजे एसक्यूएल. या भाषेत लिहिलेला प्रश्न म्हणजे क्वेरी. क्वेरीत चूक झाली की कंपायलर एरर देतो. पण हा एरर पुष्कळदा कोड्यात टाकतो. तो का टाकतो, हे समजले की निम्मे काम झाले.

(सोयीसाठी या लेखातील क्वेरीचे शब्दही देवनागरीत दिले आहेत.)

काय हवे ते सांगा, कसे ते नको

आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी १९७० साली एक शोधनिबंध लिहून माहिती टेबलांच्या रूपात साठवण्याची कल्पना मांडली. त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये या टेबलांसाठी 'सीक्वेल' नावाची भाषा सुचवली. पुढे तिचेच नाव एसक्यूएल झाले आणि १९८६ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने तिला मान्यता दिली. प्रोग्रॅमिंग न शिकलेल्या माणसालाही साध्या इंग्रजीसारख्या वाक्यांत प्रश्न विचारता यावा, हा तिच्या कर्त्यांचा हेतू होता.

म्हणूनच या भाषेत आपण 'काय हवे' एवढेच सांगतो. ते 'कसे शोधायचे' हे डेटाबेस ठरवतो. सोय मोठी आहे, पण तिची किंमतही आहे. आपण लिहिलेले वाक्य आणि यंत्र प्रत्यक्ष करीत असलेले काम यांत बरेच अंतर पडते. त्या अंतरात कुठेतरी बिघाड झाला की मिळणारा संदेश आपल्या वाक्याशी जुळत नाही.

क्वेरी पाठवल्यावर ती साधारणपणे चार उंबरठे ओलांडते. पहिल्यावर व्याकरण तपासले जाते: शब्द योग्य जागी आहेत का, कंस पुरे झाले का? दुसऱ्यावर नावे जुळवली जातात: हे टेबल आहे का, हा कॉलम त्यात आहे का, ते पाहण्याचा अधिकार या व्यक्तीला आहे का? तिसऱ्यावर प्रकार पाहिले जातात: आकड्याची तुलना तारखेशी तर होत नाही ना? चौथ्यावर क्वेरी प्रत्यक्ष चालते. आलेला एरर यांपैकी कोणत्या उंबरठ्यावरचा आहे, हा प्रश्न स्वत:ला सर्वप्रथम विचारावा. व्याकरणाचा एरर असताना अधिकार तपासत बसणे किंवा अधिकारांचा घोळ असताना स्वल्पविराम मोजणे, यातच कित्येकांचे तास वाया जातात.

बोट एकीकडे, चूक दुसरीकडे

व्याकरणाच्या चुकीपासून सुरुवात करू. पुढील क्वेरी पाहा: 'सिलेक्ट नाव, पगार, फ्रॉम कर्मचारी'. कंपायलर 'फ्रॉम' या शब्दापाशी तक्रार करतो. नवशिका 'फ्रॉम'चे स्पेलिंग तपासतो, ते बरोबर असते. चूक त्याच्या आधीच्या जादा स्वल्पविरामात आहे. स्वल्पविराम पाहून कंपायलर पुढच्या कॉलमची वाट पाहत होता, तेवढ्यात 'फ्रॉम' आला आणि तो अडखळला. ठेच लागते तिथे माणूस पडतोच असे नाही, दोन पावले पुढे जाऊन पडतो. तसाच हा प्रकार. कंपायलर अडखळल्याची जागा दाखवतो, चुकीची नव्हे. म्हणून दाखवलेल्या जागेच्या आधीचा मजकूर उलट्या क्रमाने वाचावा.

मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसचा १०६४ क्रमांकाचा एरर याच जातीचा आहे. 'अमुक मजकुराजवळ व्याकरणाची चूक' असे तो सांगतो. कधीकधी मात्र त्या 'अमुक'च्या जागी रिकामी अवतरणचिन्हे असतात. कशाजवळ चूक? तर कशाहीजवळ नाही! याचा अर्थ सरळ आहे. क्वेरी संपली तरी कंपायलरला आणखी काही हवे होते. बहुधा एखादा कंस बंद करायचा राहिलेला असतो.

ओळीच्या क्रमांकाचेही तसेच. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लांबलचक फाइल 'गो' या शब्दाने तुकड्यांत विभागलेली असते आणि ओळींची मोजणी प्रत्येक तुकड्याच्या आरंभापासून होते. 'ओळ १२' म्हणजे फाइलची बारावी ओळ असे समजून शोधणारा चुकीच्या गल्लीत शिरतो.

काही चुका तर डोळ्यांना दिसतच नाहीत. ई-मेलमधून वा वर्ड प्रोसेसरमधून क्वेरी उचलून चिकटवली, की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार अवतरणचिन्हे आलेली असतात. छापील मजकुरात ती शोभतात, पण कंपायलरला त्यांची ओळख नसते. अशा वेळी संशयित ओळ पुसून हाताने पुन्हा टाइप करणे हा उपाय बाळबोध वाटला तरी गुणकारी आहे.

अवतरणचिन्हांची आणखी एक मेख आहे. पोस्टग्रेसमध्ये 'शहर बरोबर पुणे' अशी अट लिहिताना पुण्याला दुहेरी अवतरणचिन्हे दिली, तर 'पुणे नावाचा कॉलम अस्तित्वात नाही' असे उत्तर मिळते. एकेरी चिन्हे मजकुरासाठी, दुहेरी चिन्हे टेबल वा कॉलमच्या नावासाठी, असा एसक्यूएलचा नियम आहे. मायएसक्यूएल मात्र नेहमीच्या मांडणीत दुहेरी चिन्हांतील मजकूरही चालवून घेते. एका डेटाबेसवर लागलेली सवय दुसऱ्यावर अशी नडते.

कालपर्यंत चालत होते!

'मी काहीही बदललेले नाही, कालपर्यंत चालत होते,' ही तक्रार प्रत्येक संगणक विभागात ऐकू येते आणि ती बऱ्याचदा खरीही असते. बदललेला असतो तो डेटाबेस.

शाळेच्या निकालाच्या टेबलात 'रँक' नावाचा कॉलम असणे किती स्वाभाविक! मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीपर्यंत त्याला कोणाची हरकत नव्हती. २०१८ मध्ये ८.० ही आवृत्ती आली. तिच्यात क्रमवारी लावण्याची नवी सोय देताना 'रँक' हा शब्द राखीव ठरवण्यात आला. ५.७चे आयुष्य ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिकृतपणे संपले आणि अनेकांना ८.०कडे जावे लागले. मग वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेल्या क्वेरी व्याकरणाच्या एररने बंद पडू लागल्या. कॉलमच्या नावाला त्या डेटाबेसची खास अवतरणचिन्हे देणे हा तात्पुरता उपाय, तर नाव बदलणे हा कायमचा. 'ऑर्डर', 'ग्रुप', 'यूजर' ही नावे तर टेबलांना देऊच नयेत.

'ग्रुप बाय'ची गोष्टही उद्बोधक आहे. विभागवार एकूण पगार काढताना क्वेरीत कर्मचाऱ्याचे नावही मागितले, तर ओरॅकल वा पोस्टग्रेस ती नाकारतात. एका विभागात पन्नास माणसे असतील, तर एका ओळीत नाव कोणाचे दाखवायचे? जुने मायएसक्यूएल मात्र मुकाट्याने त्यांपैकी कोणाचे तरी एक नाव दाखवून मोकळे होत असे. २०१५ मध्ये आलेल्या ५.७ आवृत्तीपासून तेही मूळच्या मांडणीत असा प्रश्न नाकारू लागले. त्या वेळी पुष्कळांनी तो नियम बंद करून जुने वळण कायम ठेवले. वास्तविक एरर आल्यामुळे त्यांना प्रथमच कळत होते, की आपला अहवाल इतकी वर्षे कोणाचेही नाव कोणापुढेही छापत होता.

असूनही नसलेले टेबल

आता आरंभीच्या कोड्याकडे वळू. ओरॅकल डेटाबेसचा ९४२ क्रमांकाचा हा एरर दोन अगदी वेगळ्या परिस्थितींत येतो. एक, टेबल खरोखरच नाही. दोन, टेबल आहे, पण ते पाहण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुसऱ्या परिस्थितीतही 'नाही' असेच सांगण्यामागे सावधगिरी आहे. 'आहे, पण तुम्हाला दाखवणार नाही' असे म्हटले, तर ते आहे एवढी माहिती तरी परक्याला मिळतेच.

पण आपल्या अभियंत्याला तर टेबल दिसत होते! खरे कोडे इथेच आहे. ओरॅकलमध्ये अधिकार दोन मार्गांनी मिळतात: थेट व्यक्तीच्या नावे किंवा 'रोल'मार्फत, म्हणजे एखाद्या गटाचा सदस्य म्हणून. तीच क्वेरी सुटी चालवली तर दोन्ही प्रकारचे अधिकार चालतात. मात्र ती एखाद्या साठवलेल्या प्रोसीजरमध्ये लिहिली, की कंपाइल होताना रोलचे अधिकार धरले जात नाहीत. थेट दिलेला अधिकारच लागतो. त्यामुळे बाहेर चालणारी क्वेरी आत गेल्यावर 'टेबल नाही' असे सांगू लागते. उपाय एका ओळीचा आहे. टेबलाच्या मालकाने वाचण्याचा अधिकार त्या व्यक्तीला थेट द्यावा. हे माहीत नसलेला माणूस रात्रभर स्पेलिंग तपासत बसतो.

याच एररचे तिसरे कारण नावाच्या लिपीत दडलेले असते. इंग्रजीत मोठी आणि लहान लिपी असते. अवतरणचिन्हांविना लिहिलेले नाव ओरॅकल मोठ्या लिपीत, तर पोस्टग्रेस लहान लिपीत बदलून घेते. कोणी टेबल तयार करतानाच नाव दुहेरी अवतरणांत आणि मिश्र लिपीत दिले असेल, तर पुढे प्रत्येक वेळी ते तसेच अवतरणांत लिहावे लागते. तसे न लिहिणाऱ्याला टेबल सापडत नाही.

वाचण्याचा क्रम आणि करण्याचा क्रम

आणखी एक नेहमीचे कोडे. 'सिलेक्ट दर गुणिले नग ॲज एकूण फ्रॉम बिले व्हेअर एकूण मोठे १०००' अशी क्वेरी बहुतेक डेटाबेस नाकारतात. 'एकूण नावाचा कॉलम नाही', असे उत्तर येते. वरच्याच ओळीत आपण ते नाव दिलेले असते! पण क्वेरी ज्या क्रमाने लिहितात त्या क्रमाने ती समजून घेतली जात नाही. आधी 'फ्रॉम', मग 'व्हेअर', नंतर 'ग्रुप बाय' व 'हॅविंग', त्यानंतर 'सिलेक्ट' आणि शेवटी 'ऑर्डर बाय', असा तिचा तार्किक क्रम आहे. 'व्हेअर'ची अट लावली जाते तेव्हा 'एकूण' या नावाचे बारसे व्हायचे असते. 'ऑर्डर बाय'मध्ये मात्र तेच नाव चालते, कारण तोवर ते ठेवले गेलेले असते. हा क्रम कागदावर लिहून टेबलावर चिकटवून ठेवला, तरी निम्मे एरर समजू लागतील.

डिसोझांचे नाव

जावा किंवा पीएचपीसारख्या भाषेतील प्रोग्रॅममधून क्वेरी पाठवली जाते, तेव्हा त्या भाषेच्या कंपायलरच्या लेखी ती केवळ अक्षरांची एक ओळ असते. तो तिच्या आत डोकावत नाही. त्यामुळे चूक प्रोग्रॅम चालू झाल्यावरच, म्हणजे पुष्कळदा ग्राहकासमोर उघड होते. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये 'लिंक' ही सोय आणून क्वेरी थेट सी-शार्प भाषेत लिहिण्याचा मार्ग दिला आणि अशा अनेक चुका आधीच पकडल्या जाऊ लागल्या. अर्थात तिथेही कोडी आहेतच. फाइलच्या माथ्यावर एका ग्रंथालयाचे नाव लिहायचे राहिले, तर कंपायलर चांगल्याभल्या क्वेरीत 'सिलेक्ट सापडत नाही' अशी तक्रार करतो.

ग्राहकासमोर उघड होणाऱ्या चुकीचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण म्हणजे गोव्यात, वसईत वा वांद्र्यात सहज भेटणारे डिसोझा हे आडनाव. इंग्रजीत लिहिताना त्यात ॲपॉस्ट्रॉफी येते. प्रोग्रॅमरने नाव थेट क्वेरीच्या ओळीत जोडले असेल, तर ती खूण मजकूर संपल्याची निशाणी ठरते आणि 'अवतरण अपुरे' असा एरर येतो. हजारो नावे बिनतक्रार गेली, डिसोझांचेच अडले! त्यांना आडनावातील खूण गाळायला सांगणे हा उपाय नव्हे. हा एरर मोठ्या संकटाची पूर्वसूचना आहे. सज्जन माणसाचे नाव जिथे क्वेरी मोडू शकते, तिथे दुर्जन नावाच्या रकान्यात मुद्दाम आज्ञा लिहून संपूर्ण माहिती पळवू शकतो. यालाच 'एसक्यूएल इंजेक्शन' म्हणतात. क्वेरीचा सांगाडा व त्यात भरायची मूल्ये वेगवेगळी पाठवणे, म्हणजे 'पॅरामीटर' वापरणे, हा यावरचा खरा इलाज होय.

एरर न आलेली चूक

इथवर वाचून एरर म्हणजे निव्वळ डोकेदुखी, असे वाटण्याचा संभव आहे. पण मी पाहिलेल्या सर्वांत महागड्या चुकीत एरर आलाच नव्हता. सुरुवातीच्या नोकरीत एका कार्यालयात मला बंद झालेली खाती काढून टाकण्याचे काम मिळाले. क्वेरी अशी होती: 'डिलीट फ्रॉम ग्राहक व्हेअर ग्राहक-क्रमांक इन (सिलेक्ट ग्राहक-क्रमांक फ्रॉम बंद-खाती)'. वाचायला निर्दोष! प्रत्यक्षात 'बंद-खाती' या टेबलात 'ग्राहक-क्रमांक' हा कॉलमच नव्हता. तिथे त्याचे नाव 'खाते-क्रमांक' होते.

कंपायलरने मला अडवायला हवे होते, असे कोणालाही वाटेल. पण नियमानुसार कंसातील नाव आतल्या टेबलात सापडले नाही, तर ते बाहेरच्या टेबलात शोधले जाते. तिथे ते सापडले. मग अटीचा अर्थ झाला, 'ज्या ग्राहकाचा क्रमांक स्वत:च्याच क्रमांकाइतका आहे, त्याला काढा'. ही अट कोणाला लागू पडणार नाही? काही क्षणांत ग्राहकांचे सारे टेबल रिकामे झाले आणि पडद्यावर काम यशस्वी झाल्याचा संदेश आला. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावले. त्या दिवसभरातील नोंदी मात्र सहकाऱ्यांनी रात्री जागून कागदी पावत्यांवरून पुन्हा भरल्या. कंसातील क्वेरी मी आधी एकटी चालवून पाहिली असती, तर 'असा कॉलम नाही' हा नेहमीचा, नकोसा एरर मिळाला असता आणि तेवढ्याने सारे वाचले असते.

मूक चुकांची आणखीही उदाहरणे आहेत. 'सिलेक्ट नाव पगार फ्रॉम कर्मचारी' यात स्वल्पविराम राहिला आहे, पण कंपायलर 'पगार' हे 'नाव'चे टोपणनाव समजतो आणि पगाराच्या मथळ्याखाली नावे छापतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मराठी मजकुराआधी 'एन' हे अक्षर लावायचे राहिले, तर नेहमीच्या मांडणीत एरर न येता देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग साठवली जाते. मूळ अक्षरे मग परत मिळत नाहीत. 'गोऱ्हे' या आडनावातील 'ऱ्ह' युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी टाइप होऊ शकतो. दिसायला सारखाच, पण डेटाबेसच्या लेखी पुष्कळदा वेगळा. मग नाव यादीत असूनही शोधात सापडत नाही.

मग करायचे काय?

अनुभवी माणसे काही साधे नियम पाळतात. एररची यादी लांबलचक असेल, तर फक्त पहिला एरर वाचावा. पुढचे बहुधा त्याचीच पिलावळ असतात. मोठी क्वेरी निम्मी करून चालवावी. चालली तर चूक उरलेल्या निम्म्यात आहे. प्रोग्रॅममधून जाणारी क्वेरी कल्पनेने न वाचता, प्रत्यक्ष पाठवला गेलेला मजकूर छापून पाहावा. कंसातील प्रत्येक क्वेरी आधी स्वतंत्र चालवावी. प्रत्येक कॉलमपुढे त्याच्या टेबलाचे नाव लिहावे. तसे लिहिले असते, तर माझ्या हातून टेबल रिकामे झाले नसते. काही काढण्यापूर्वी 'डिलीट'च्या जागी 'सिलेक्ट' घालून किती नोंदी येतात ते मोजावे आणि प्रत्यक्ष काढताना ट्रान्झॅक्शन सुरू करावे, म्हणजे माघार घेता येते.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागाल ती क्वेरी क्षणात लिहून देतात आणि तिचे व्याकरण बहुधा अचूक असते. म्हणजे बोलणाऱ्या चुका कमी होतील, पण मूक चुका तपासण्याची जबाबदारी माणसाकडेच राहील. एरर देणारा कंपायलर हा दारात अडवणाऱ्या पहारेकऱ्यासारखा आहे. त्याची भाषा तुटक आहे आणि तो बोट भलतीकडेच दाखवतो, हे खरे. पण त्याने अडवले म्हणून वैतागण्याआधी, त्याने न अडवता आत सोडले असते तर काय झाले असते, याचाही क्षणभर विचार करावा.